करवतीच्या मागची जागा

डुलुथ, ९ मार्च

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या ओरिनचा सा. न. वि. वि.

घेतली एकदाची नवी टेबल करवत! बाबांची जुनी करवत फळ्या उलट्या फेकायला लागली होती. एक माझ्या बरगडीवर बसली, तेव्हापासून लॉर्ना गॅरेजच्या दारात पहारा द्यायची. नवीचं पातं कातडीला लागताच जागच्या जागी थांबतं. दुकानदाराने बोटाऐवजी सॉसेज लावून दाखवलं होतं. बायकोला काही पटेना, म्हणून मी घरी तोच प्रयोग केला. सॉसेजवर जेमतेम ओरखडा उठला, पण पातं आणि ब्रेक दोन्ही कामातून गेले. लॉर्नाने ते सॉसेज तळून मला वाढलं आणि नव्या पात्याच्या किमतीचं आहे, सावकाश खा, असं सुनावलं.

करवतीच्या मागे मोठं टेबल बांधलंय. कापलेली फळी आपसूक त्यावर सरकते, मागून धरायला कुणी लागत नाही. गॅरेजात जागा उरली नाही, म्हणून गाडी मात्र बाहेर बर्फात उभी आहे. आता ऑक्टोबरात तुझे गुडघे दुखत असताना बसचे हाल काढून यायचं कारण नाही. आराम कर.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा ओरिन

बेमिजी, १७ मार्च

चि. ओरिन यास,
अनेक आशीर्वाद.

करवत घेतलीस, छान झालं. बोटं शाबूत राहतील. सॉसेजचं वाचून एकटीच हसत बसले. तू लहानपणापासून असाच आहेस.

टेबलाचं वाचून मात्र वाईट वाटलं. दहा वर्षांची असताना बाबांनी मला करवतीच्या मागे उभं केलं आणि सांगितलं, फळी नुसती धरायची, ओढायची नाही. तेव्हापासून आधी त्यांच्या आणि मग तुझ्या फळ्या धरत आले. पुढे उभं राहून फळी लोटणं मुलींचं काम नाही, असं ते म्हणायचे. मला मागची जागाही आवडायची. दर ऑक्टोबरात तेवढ्यासाठी यायचे मी. गुडघ्यांचं निमित्त मला सांगू नकोस.

लॉर्नाला रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा पाठवते आहे. तुला नाही.

सदैव तुझं बरं चिंतणारी,
व्हर्नाताई

डुलुथ, २६ मार्च

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

मुरंबा पोचला. लॉर्ना बरणी लपवून ठेवते, पण मला जागा सापडलीय. तुझं पत्र तिनेही वाचलं. मला गॅरेजमधली सगळी अक्कल आहे आणि घरातली काडीचीही नाही, असं तिने संध्याकाळी सांगितलं. खरंच आहे ते.

त्या टेबलाला मी बिजागऱ्या बसवल्या आहेत. खिट्टी काढली की ते खाली पडतं आणि मागे एका माणसाला उभं राहायला ऐसपैस जागा होते. डोळ्यांत भुसा उडू नये म्हणून तुझ्या मापाचा चष्मा आणून खुंटीला टांगलाय. मेपलच्या फळ्या राखून ठेवल्यात. नवं पातंही चढवलंय, आता सॉसेज लावणार नाही.

ऑक्टोबरात ये. पुढे तू उभी राहा आणि फळी तू लोट. मी मागे उभा राहून नुसती धरेन, ओढणार नाही.

तुझ्या मायेला पात्र राहू दे, एवढंच मागणं.
तुझा ओरिन