आदमचं तेवढं राहिलं

मिस, आज मी पुन्हा भांडले. सुदामा नगरच्या आमच्या महिला मंडळात एक बाई चहा ढवळत म्हणाल्या, "मुसलमान कुठे मानतात हो, माणूस प्राण्यांपासून झाला म्हणून?" मी म्हटलं, "तुम्ही मानता? नातवाचा बायोलॉजीचा पेपर सोपा जावा म्हणून नवस बोललात ना परवा?" बाईंनी कप खाली ठेवला. पण मला त्यांना गप्प करायचं नव्हतं, तुमचं स्वयंपाकघर दाखवायचं होतं.

आपलं शहर अजून मध्यभारत राज्यात होतं, ते दिवस. उत्क्रांतीचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून द्या, असं सिस्टरांनी सांगितलेलं. तुम्ही, आमच्या कॉन्व्हेंटातल्या एकट्या मुसलमान मिस, तो खरोखरच घरी शिकवलात. बकरी ईदचा दुसरा दिवस. छावणीतल्या तुमच्या घरी मी, होळकरी फौजेतल्या मराठ्याची नात, पाये, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, ओरपत बसलेय. तुम्ही माझ्या ताटलीतली नळी उचलता, पुसता, माझ्या पंजाशेजारी ठेवता. "देख, नीचे दो हिस्से हैं ना? तेरी हथेली की ये दो हड्डियाँ बकरे में जुड़ गईं. बनाने वाला एक, तो नक़्शा भी एक." दारातून तुमचे थोरले भाऊ म्हणतात, "बकरे तक ठीक है, छोटी. पहले इंसान आदम अलैहिस्सलाम के माँ-बाप नहीं थे, इतना याद रहे." "मैंने आदम का नाम लिया, भाईजान? आप ही ले आए." ते हसले आणि पाये मागून आमच्यातच बसले. ना कुणी ओरडलं, ना कुणाचा धर्म बुडाला.

निघताना मी अडून बसले. "पण मिस, माणसाचं काय?" माझी चिकट बोटं आपल्या ओढणीला पुसत तुम्ही म्हणालात, "मिट्टी से बनाया, ये मानती हूँ. कितनी देर में बनाया, ये सोचती रहती हूँ. और आदम... तू पहले मॅट्रिक कर ले, फिर लड़ेंगे."

मॅट्रिक झाले. तुम्ही त्याआधीच्या थंडीत न्यूमोनियाने गेलात. तेव्हा चिडले होते, अजून चिडलेली आहे. असं भांडण ठरवून कुणी निघून जातं का?

मंडळात मी ठणकावून सांगितलं, "माझ्या मिस सगळं मानायच्या." आदमबद्दल तुमचं काय ठरलं होतं, ते मला कुठे ठाऊक आहे? हे पत्र तर कुठे टाकायचंच नाही, म्हणून इथे सांगते. आयुष्यभर मी कुणाला जिंकू दिलं नाही. तुमच्याशी मात्र हरले असते, मुद्दाम.