डाव्या हाताचा ब्रेक

प्रिय अण्णा,

शुक्रवार आहे, इथली आखातातली सुट्टी, जेवणं झाली, खोलीतले सगळे आडवे झालेत. मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तरी बसून लिहितोय. कारण उद्या दुकान उघडलं की मुदीर, म्हणजे मॅनेजरसाहेब, विचारणार, "ब्रेक कैसा है?" आणि मी काय सांगतो त्यावर तुमचं नाव राहतं की जातं ते ठरणार.

अल खोरच्या खडकाळ वाटेवर नवा ब्रेक तपासताना तुम्ही ज्या सायकलवरून पडलात आणि गेलात, ती मुदीरने दुकानात मागे चादर टाकून ठेवली होती. कुणाला हात लावू दिला नाही. का? चांगली वस्तू कुणी झाकून ठेवतं का? आणि काल अचानक चादर ओढून मला म्हणाला, "ले जा, चला के देख. माल बेचना है. ब्रेक में कुछ नहीं था, आदमी को चक्कर आया."

चक्कर! तुम्हाला! उन्हाने माझा जीव जायचा तेव्हा "काय रे भिंगरी, वितळलास का?" म्हणून हसणारे तुम्ही!

सिन्नरहून वहिनींचा फोन येतो. दर वेळी एकच प्रश्न. "खरं सांग भाऊ, यांचीच चूक होती का?" काय सांगू? मी आपला म्हणतो, आवाज तुटतोय वहिनी.

आज सकाळी दुकानातला बशीर पिकअप घेऊन माझ्यासोबत आला. मी सायकल खाली उतरवली ती संशयानेच. ब्रेकच्या चकतीवर रुमाल फिरवला, तेल नाही. नळी चाचपली, चीर नाही. बशीर नुसता बघत उभा. एरवी त्याचं तोंड बंद नसतं. मग आजच एवढा गप्प का? मला त्याचाही संशय आला.

सपाटीवर दोन्ही ब्रेक एकत्र दाबले, एकदम झकास. मला राग आला, अण्णा. ब्रेक वाईट निघायला हवा होता!

मग तो खारफुटीकडचा उतार, तुम्ही पडलात तोच. तुम्ही शिकवलेलं, उतारावर आधी मागचा, म्हणजे डावा हात. मी डावा दाबला आणि मागचं चाकच उचललं की हो! कसाबसा पाय टेकला. खाली बघतो तर डाव्या हाताची नळी पुढच्या चाकाला गेलेली.

टेस्टची सायकल तुम्ही नेहमी आपल्याकडच्यासारखी करून घ्यायचा, पुढचा ब्रेक उजव्या हाताला. मी बशीरला विचारलं, "बशीरभाई, ये किसने बिठाया?"

"मैंने. डिब्बे में जैसा आया, वैसा. अण्णा कस्टमर के पास था, मुदीर यल्ला यल्ला, जल्दी जल्दी कर रहा था." मग माझं तोंड बघून, "क्यों? गलत है?"

मी नुसतं चाक फिरवून डावा ब्रेक दाबून दाखवला. तो तिथेच खडकावर बसला. बशीर सायकलचं काम इथेच शिकला, त्याला पुढचा ब्रेक डाव्या हाताला, हीच बाजू सरळ. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडवेना.

मुदीरला हे कळलं होतं का? म्हणून चादर? माझा संशय अजून गेलेला नाही. आणि तुम्ही! दुसऱ्याने बसवलेला पार्ट स्वतः उघडून बघितल्याशिवाय चालवायचा नाही, हे मला किती वेळा ऐकवलंत? मग त्या दिवशी एका यल्लावर का निघालात हो?

उद्या मुदीरला त्याच उतारावर नेणार आहे. ब्रेक चांगला आहे, हे सांगीन. अण्णांना चक्कर आली नव्हती, हेही सांगीन, दाखवून. नोकरीवरून काढलं तर काढू दे. यापुढे माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक सायकलच्या पुढच्या ब्रेकला लाल टेप लागेल, मग तो कुठल्याही बाजूला असो.

आणि वहिनींना आज मीच फोन लावणार. म्हणेन, वहिनी, अण्णांचा हात चुकला नाही, ब्रेक उलट्या बाजूला बसवला होता. गावाकडे जिकडे गेला असता, तिकडेच गेला.

तुमचा,
भिंगरी