निळ्या टोपणाची नळी

रविवार, १४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण तू म्हणशील, नाटकं पुरे. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे आठवड्यातून चारदा. खोलीची खिडकी अजून लागत नाही, दोरी बांधून ठेवलीये. तू तुमच्या लॅबची प्रमुख झालीस हे आईकडून कळलं. मनापासून अभिनंदन. फोन करता आला असता, पण तू नुसतं 'हं' म्हणालीस की माझं पुढचं सगळं राहूनच जातं. म्हणून पत्र.

बातमी मोठी आहे. गुरुवारी तुझ्या धाकट्या बहिणीनं बावीस तपासण्यांचा फॉर्म भर राउंडला रद्द केला, आणि जिंकली! आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहिते, कारण तू हे आईला वाचून दाखवशीलच.

आमच्या वॉर्डात एक बाई आल्या. वय अडुसष्ट, जन्मभर शाळेत गाणं शिकवलेल्या. न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी ऑपरेशन व्हायचं होतं. तेवढ्यात रिपोर्ट आला, प्लेटलेट अठरा हजार. हव्यात दीड लाखाच्या वर. इतक्या कमी असताना चाकू लावला तर रक्त थांबायचं नाही, म्हणून ऑपरेशन रद्द. प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या. मंगळवारी आकडा बघतो तर सोळा हजार!

आम्ही शिकाऊ डॉक्टर तपासण्या कशा ठरवतो, हे तुला कुणी खरं सांगितलं नसेल. राउंडला मोठे सर विचारतात, "हे का नाही पाठवलं?" आजवर एकदाही कुणी "हे का पाठवलं?" असं विचारलेलं नाही. मग काय, दिसेल त्या चौकटीत टिक. माझ्या जोडीच्या मुलाला आम्ही झेरॉक्स म्हणतो. तो कालचा फॉर्म बघून आजचा भरतो, आणि त्याला कधी कुणी बोलत नाही. त्याला हसत हसत मीही तेच करत होते. बुधवारपर्यंत बाईंच्या नावावर बावीस तपासण्या जमल्या, आणि गुरुवारी दुपारी बाराला हाडात सुई घालून, प्लेटलेट जिथे बनतात ती मज्जा काढायचं ठरलं.

तिकडे बाई पडून पडून खोकायला लागल्या होत्या. कूस बदलताना ओठ चावायच्या. आणि वर मलाच म्हणायच्या, "तुझा आवाज बसलाय गं, कोमट पाणी पी."

गुरुवारी सकाळी मी नऊ नळ्या ट्रेमध्ये मांडल्या आणि शीर शोधायला त्यांचा हात हातात घेतला. बाई म्हणाल्या, "आज पुन्हा? अगं, आजार मला आहे की तुमच्या कागदाला?"

मी हसले. मग हाताकडे नीट बघितलं. चार दिवस रोज टोचलेला हात, पण कुठे काळंनिळं नाही. कालची जागा शोधूनही सापडेना. हिरड्या बघितल्या, स्वच्छ. ताई, सोळा हजारवाल्या माणसाचा हात असा नसतो.

ट्रे तसाच ठेवला आणि आमच्या लॅबमध्ये गेले. या हॉस्पिटलमधल्या सात महिन्यांत पहिल्यांदा. लॅब कुठे आहे ते शिपायाला विचारावं लागलं. हस खुशाल.

तिथे एक काका आहेत, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी बाईंचा रिपोर्ट काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरात होतं, 'प्लेटलेटच्या गुठळ्या दिसतात. निळ्या टोपणाच्या नळीत नमुना पुन्हा पाठवावा.'

"दोन्ही दिवस लिहिलंय," काका म्हणाले. "सोमवारी फोनही केला होता. वॉर्डातून कुणीतरी म्हणालं, आकडा तेवढा सांगा, बाकीचं आम्ही बघतो."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच लावली. घडच्या घड होते गं! (आई, जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. एखाद्याच्या प्लेटलेट त्या औषधानं एकमेकींना चिकटतात, आणि मशीन त्या अख्ख्या घडाला मोजतच नाही. बाईंच्या अंगात सगळं ठीक होतं, गोंधळ फक्त नळीत. निळ्या टोपणाच्या नळीत औषध वेगळं असतं.)

"खाली येऊन बघावं, हे सुचलं कसं तुला?" काकांनी विचारलं.

"पुस्तकात वाचलं होतं," मी म्हणाले.

खोटं. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी तू टेबलावर चमचाभर साखर सांडलीस, पाण्याचे थेंब टाकून तिचे गोळे केलेस आणि म्हणालीस, "आता मोज दाणे." ते आठवत होतं. तुझं नाव तोंडातून निघेना.

वर येऊन मी एकच नळी घेतली, निळ्या टोपणाची, आणि धावत खाली नेऊन दिली. अर्ध्या तासात आकडा आला. दोन लाख दहा हजार.

नऊ वाजता राउंड. मोठ्या सरांनी विचारलं, "मज्जेची तयारी झाली?"

"नाही सर. गरज नाही."

"आणि बावीस तपासण्या?"

"रद्द केल्या, सर."

झेरॉक्सनं माझी बाही ओढली. मी नवा रिपोर्ट पुढे केला. सरांनी तो वाचला, मग जुने दोन्ही वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत. "ही ओळ सोमवारपासून इथे आहे? लॅबनं फोन नाही केला?"

"केला होता, सर."

"कुणी घेतला?"

झेरॉक्स जमिनीकडे बघायला लागला. सिस्टर पाण्याची बाटली सरळ करायला लागल्या. ताई, फोन मी घेतला होता. 'बाकीचं आम्ही बघतो' म्हणणारी मीच. बोलले नसते तरी कुणाला कळलं नसतं.

"मी घेतला, सर. काकांना बोलूही दिलं नाही. बाईंचे तीन दिवस माझ्यामुळे गेले."

सरांनी तिन्ही रिपोर्ट फाइलला लावले. मग म्हणाले, "चूक तुझी आहेच. तीन दिवस नुसता आकडा वाचला, ती माझी." आणि तिथूनच ऑपरेशन थिएटरला फोन लावला, "बाईंना आजच घ्या."

दोनला ऑपरेशन झालं, थेंबभरही जास्त रक्त गेलं नाही. शुक्रवारी बाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. चार पावलं टाकली आणि तिथेच सूर लावला! खणखणीत! अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवत होता, झेरॉक्स सगळ्यांत जोरात.

त्याच दिवशी सरांनी फॉर्मवर नवा रकाना आखला. आकडा जास्त आला तर काय कराल, कमी आला तर काय कराल, हे प्रत्येक तपासणीपुढे लिहायचं. दोन्हीकडे उत्तर एकच असेल तर तपासणी पाठवायची नाही. काल काका सांगत होते, वॉर्डातून येणाऱ्या नळ्या निम्म्यावर आल्या. मी त्यांच्याकडे गेले होते ते फोनचं आणि पुस्तकाचं खरं सांगायला. ते म्हणाले, "आवाजावरून तेव्हाच ओळखलं होतं. म्हटलं, आलीये ना, येऊ दे."

आता राहिलेलं. 'बाकीचं आम्ही बघतो' हे मी आधी तुला म्हणाले होते, दोन वर्षांपूर्वी, आईच्या पलंगाशी, माझ्या मैत्रिणींसमोर. "तू नळ्या फिरव, बाकीचं आम्ही बघतो." आईला साधा ताप होता. तू एवढंच विचारलं होतंस, "यकृताची तपासणी कशासाठी?" माझ्याकडे फक्त भीती होती. नवी इंटर्न, आणि स्वतःच्याच आईचं काही राहून गेलं तर लोक काय म्हणतील? म्हणून साऱ्या चौकटींत टिक. एक आकडा जरासा जास्त आला. त्याच्यामागे सोनोग्राफी, तिच्यामागे यकृतात सुई, सुईमागे रक्तस्राव, आणि आई नऊ दिवस जास्त पडून. निघालं काय? काही नाही. 'मी म्हटलं नव्हतं?' असं तू एकदाही म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर भांडून मोकळी झाले असते.

आईला अजून वाटतं, मी तिला वाचवलं. वाचून दाखवताना हा भाग गाळू नकोस.

शुक्रवारी सरांनीही विचारलं, "हे कुठे शिकलीस?" या वेळी सांगितलं, मोठ्या बहिणीकडे. "डॉक्टर आहे?" "नाही सर, लॅबमध्ये आहे. म्हणून तर तिला माहीत होतं." सर म्हणाले, "पाच एप्रिलला नवे शिकाऊ येताहेत. पहिला तास तिला घ्यायला सांग." तुला न विचारता मी हो म्हणून टाकलं. सूचनाफलकावर तुझं नाव लागलंय, माझ्या हस्ताक्षरात. पहिल्या बाकावर वही घेऊन मी असेन.

माफ कर, ताई. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पाचव्या पानावर आलं, पण आलं.

तुझ्याकडून अजून पुष्कळ शिकायचं राहिलेली,
तुझी धाकटी