रोजचे श्राद्ध एका दिवसावर आणण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
ग्रामपर्यटन कक्ष,
थान लोई बेट, मेकाँग खोरे.

विषय : 'भुयार आणि नदी' या एका दिवसाच्या सहलीत होणारे हुइन वान न्यान यांचे रोजचे श्राद्ध थांबवून ते त्यांच्या तिथीलाच करू देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे 'विचार करता येत नाही' असे उत्तर.

महोदय,

अर्जदार हुइन थी लुअम, राहणार थान लोई बेट, ही कै. न्यान यांची धाकटी बहीण. युद्धाच्या काळात अर्जदाराचा हा भाऊ घरामागच्या धक्क्यावरून होडीत बसून गेला, तो परत आला नाही. देह मिळाला नाही, मेल्याचा दिवस कळला नाही. अशा माणसाचे श्राद्ध आपल्याकडे तो घरातून निघाला त्या तिथीला करतात, हे आपणांस सांगायला नको. अर्जदाराच्या आईने ते हयातभर केले, आईच्या मागे अर्जदाराने केले.

पुढे आपल्या कक्षाची माणसे घरी आली. सकाळी युद्धात लढणारे जिथे लपून राहत ती कू चीची भुयारे, दुपारी नदी, नारळाची मिठाई, पाणताडांच्या झाडीतून होडीची फेरी, आणि शेवटी खऱ्याखुऱ्या घरातले खरेखुरे श्राद्ध, असा बेत त्यांनी मांडला. श्राद्ध रोज कसे करणार, असे अर्जदाराने विचारले. त्यावर आपल्या साहेबांचे उत्तर जसेच्या तसे देते : "आजी, मेल्याचा दिवस ठाऊक नाही ना? मग तो कुठलाही असू शकतो. रोज केलं तर चुकायचा प्रश्नच नाही!"

अर्जदाराला हे पटले, हे लपवत नाही. इतक्या वर्षांत आपण चुकीच्या दिवशी जेवू घालत असू, रोज वाढले तर एखाद्या दिवशी तरी त्याच्या वाट्याला नेमके येईल, असे वाटले. म्हणून हो म्हटले.

तेव्हापासून सहलीच्या दर दिवशी फोटोपुढे भात, गुळाच्या पाकातला मासा आणि आंबट रस्सा मांडला जातो. उदबत्ती विझेपर्यंत गेलेला माणूस जेवतो, मग घरच्यांनी बसायचे, ही रीत. परंतु होडीला परतायची घाई असल्याने आपला वाटाड्या खांग उदबत्त्या कात्रीने अर्ध्या करून आणतो. मुलगा मनाने वाईट नाही. "आजी, जरा डोळ्यांना रुमाल लावा ना, फोटो काढताहेत," एवढेच म्हणतो. सुरुवातीला लावायला सांगावे लागत नव्हते. आता लावते, पण कोरडाच असतो. मासा खारट झाला तर कळते, बाकी काही कळत नाही.

गेल्या महिन्यात पाहुण्यांत आपल्याच देशातले एक म्हातारे गृहस्थ होते, नाव ताम. ते जेवायला बसले नाहीत. फोटोपुढे उभे राहून म्हणाले, "हा आमचा न्यान. तुम्ही त्याच्या कोण?" बहीण म्हटल्यावर त्यांनी सांगितले, "नदीकाठचं पोर ते, जमिनीखाली जीव गुदमरायचा त्याचा. नदीवर पाय धुऊन येतो म्हणाला आणि भुयारातून वर गेला. तिथंच गोळी लागली. बांधालगत पुरला आम्ही. सहाव्या महिन्याची नवमी होती." तिथी इतकी पक्की कशी, असे विचारल्यावर म्हणाले, "माझ्या आईचं श्राद्ध त्याच दिवशी असतं, बाई. विसरेन कसा?"

हा कार्यक्रमाचाच भाग आहे असे समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदाराला काहीही वाटले नाही. जन्मभर जे ऐकायला कान टवकारले होते ते ऐकले, आणि आत जाऊन दुसऱ्या होडीसाठी भात उपसला. त्या रात्री झोपही लागली. अर्जदाराला याची भीती वाटते.

तिथी कळल्यावर रोजचे श्राद्ध थांबवावे असा अर्ज केला. आपल्या उत्तरात म्हटले आहे की पत्रकावर 'मृत्यूचा दिवस अज्ञात' असे छापले आहे, पाहुण्यांना तेच भावते, त्यामुळे बदल शक्य नाही. मात्र श्री. ताम यांनी रोज येऊन तो प्रसंग सांगावा, कक्ष त्यांची जाण्यायेण्याची सोय करील. हा निरोप अर्जदाराने त्यांना कळवला. त्यांनी उलट कळवले, "साहेबांना सांगा, तो एकदाच मेला."

महोदय, अर्जदार मागचा अर्ज मागे घेत आहे. रोजचे बंद करा असे आता म्हणत नाही. येत्या सहाव्या महिन्याच्या नवमीला फक्त आपली होडी अर्जदाराच्या धक्क्याला लावू नये, इतकीच विनंती आहे. त्या दिवशी दार लावून घेऊन अर्जदार भावासमोर एकटी बसणार आहे. रडू येते का, ते पाहायचे आहे. आले, तर दुसऱ्या दिवसापासून हे काम अर्जदाराच्या हातून होणार नाही, आपण दुसरे घर पाहावे. नाहीच आले, तर आपला कार्यक्रम आहे तसा चालू ठेवण्यास अर्जदाराची हरकत राहणार नाही. मग तो कोणाचा भाऊ होता, याने काही बिघडत नाही.

नवमीच्या आधी उत्तर मिळावे.

आपली,
हुइन थी लुअम
(आपल्या पत्रकात : 'वाट पाहणारी बहीण')

दिनांक : पाचव्या महिन्याची अमावास्या

सोबत : काही जोडलेले नाही. मृत्यूचा दाखला कधी निघालाच नाही.