वीरण्णांच्या घरची बिनगुळाची हुग्गी

औसा, गुरुवार

तीर्थरूप मल्लिनाथमामांना,

शिवशंकरचा पायांवर डोकं ठेवून शरणार्थ. मामींनाही तसाच. तुमचा गुडघा वाकू लागला का, की अजून मामीच तुमच्या पायात चप्पल घालून देतात, ते कळवावं. (फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्याला "हाव, हाव" म्हणता, म्हणून पत्र.) इकडे महादेवाच्या कृपेने सर्व ठीक. रेणापूरला काय झालं ते मात्र मीच कळवतो, नाहीतर तुमच्या कानावर भलतंच येईल.

आमच्या दीपमालेसाठी वीरण्णांचा मल्लिकार्जुन तुम्हीच सुचवलात. पोरांची पसंती झाली. सहा स्थळांना नाही म्हणणाऱ्या पोरीने पहिल्यांदा मान हलवली होती. आता मोठ्यांनी घर पाहायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच उरलं होतं. तुमचा गुडघा आडवा आला म्हणून मी एकटाच निघालो. निघताना सिंधूने बजावलं, "गोड दिसलं की तुमी भान सोडता. तिसऱ्यांदा वाढून घेऊ नका, लोक हसतील." ते मनाला लागलं. आणि नेमका त्याच वेळी माझ्या खिशात, विभूतीच्या पुडीशेजारी, एक पाला होता.

हा पाला दीपाने आदल्या दिवशी नांदेडहून आणलेला. (कॉलेजची सहल इस्लापूरकडच्या जंगलात गेली होती. आमच्या वेळी सहलीहून लोक बोरं आणायचे.) त्याला गुळमार म्हणतात. पान चघळलं की अर्धा तास जिभेला गोडी कळत नाही. मी साखर तोंडात टाकून पाहिली, वाळू खाल्ल्यासारखं झालं. तिचं म्हणणं, झाडाला पाय नाहीत, पळता येत नाही. हात नाहीत, हाकलता येत नाही. मग ते पानातच काहीबाही रसायनं तयार करतं. किड्याला गोडी लागली नाही की तो पुढच्या झाडाकडे जात असावा. मला हे फार आवडलं. ज्याला भांडता येत नाही त्याला देवाने घरातच एवढी मोठी प्रयोगशाळा दिली, या विचारात मी पूजा दोनदा केली.

तर गोडाचा मोहच नको म्हणून रेणापूर यायच्या आधी एसटीतच मी पान चघळलं. खरं सांगायचं तर चार पानं. पाव्हणचार, पाय धुणं, ऊसपाण्याच्या गप्पा यांत पाऊण तास गेला. घड्याळ पाहिलं, पाल्याचा अर्धा तास कधीच उलटला होता, म्हणून तो विचारच सोडला. मग नीलाबाई विहीणबाईंनी गूळ घालून शिजवलेल्या गव्हाची हुग्गी वाढली. वर तुपाची धार. मी महादेवाचं नाव घेऊन घास घेतला, तर नुसते उकडलेले गहू.

मामा, तुमच्या वडिलांना कुठल्याशा गावी बिनगुळाची हुग्गी वाढून सोयरीक मोडल्याची गोष्ट मला लहानपणी कुणी सांगितली? तुम्हीच. तेव्हा यापुढच्या प्रकारात निम्मा दोष तुमचा. मला वाटलं, झालं, पोरगी नाकारली. डोळ्यांपुढे दीपाचा चेहरा आला. वाढलेलं टाकायचं नाही म्हणून मी ताट पुसून खाल्लं, हात धुतले, टोपी घातली आणि शांतपणे म्हणालो, "वीरण्णा, तुमचा निरोप पोचला. राग न्हाई."

"कोनता निरोप?" वीरण्णा घास तोंडात धरून.

"गुळाचा."

नीलाबाई स्वयंपाकघरातून पळीसकट बाहेर आल्या. "दोन किलो गूळ घातलाय मी. पाव्हण्यांना सोयरीक मोडायची आसंल तर सरळ सांगा म्हनावं, माझ्या हुग्गीला कशापायी नावं ठेवून राहिले?"

वीरण्णांचा चेहरा उतरला. मुलगा भिंतीला टेकला. घाम पुसायला मी रुमाल ओढला, तर पाला बाहेर पडला. मी सगळं सांगितलं, कुणी विश्वास ठेवला नाही. शेवटी दीपाला व्हिडिओवर बोलावलं.

"बाबा, किती पानं खाल्ली?"

"चार."

"एक सांगितलं होतं. आता बसा दीड तास."

खात्री करायला वीरण्णांनी पान चघळलं आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. त्यांचे डोळे एवढे मोठे झाले, की मग नीलाबाईंनी चघळलं, मुलाने चघळलं, शेजारचे चौघे आले त्यांनीही चघळलं. गुळाची अख्खी ढेप फोडली गेली आणि एकालाही गोड लागली नाही. लोक पोट धरून हसत होते. फोनमधून दीपाला अंगणातल्या डब्यातली सदाफुली दिसली. ती म्हणाली, त्या झाडातल्या रसायनापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध करतात, लहान लेकरं वाचतात. (नुसती पानं खाऊन नाही, पोटात विष होईल, हेही तिने दोनदा सांगितलं.) नीलाबाई हळूच म्हणाल्या, "मी रोज तीच फुलं वाहते महादेवाला. त्याला ठाव आसंल." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हीच सून पाहिजे मला."

पण तोंड गोड झाल्याशिवाय सुपारी फोडायची कशी? आणि तोंड तर कुणाचंच गोड होईना. सगळे घड्याळाकडे पाहत ओसरीवर बसलो. दर दहा मिनिटांनी वीरण्णा गुळाचा खडा चाखून मान हलवत. अखेर साडेतीनला ते ओरडले, "आली, आली," आणि सुपारी फुटली. सोयरीक पक्की, मामा.

आपला,
शिवशंकर

ता. क. : त्या वाट पाहण्याच्या वेळात दीपाने फोनवर पीएचडीचं काढलं. वीरण्णा म्हणाले, तीन वर्षं थांबू. मी हो म्हणून बसलो. सिंधूने मात्र याच उन्हाळ्यात लग्न धरून भांडी घेतली आहेत. तिला हे सांगायची माझी छाती नाही. तुमच्या शब्दाबाहेर ती जात नाही. रविवारी जीप पाठवतो, तुम्हीच ठरवलं असं सांगा.

ता. क. : मामा, शरणार्थ. पाकीट पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. तीन वर्षं मागून घे, हे दीपाला मीच शिकवलं होतं. भांडी काय, टिकतात. पण तुम्ही याच. तुम्ही समजूत काढा, मी आधी रागावते, मग हळूहळू ऐकते. एवढं धाडस करून आलेत, यांचा विरस नको. — सिंधू