कुत्र्याचं वय किती लिहायचं

बाबा,

आमच्या कुत्र्याचा विमा काढायचा की नाही, यावर गेला सबंध हिवाळा आमच्या घरात बोलणं चालू होतं, आणि दर वेळी मला तुमची आठवण यायची. तुम्ही असता तर आधी हसला असता. तुमच्या काळात आपल्याकडे कुत्र्याला कोणी दवाखान्यात नेत नव्हतं. कुत्रा चावला तर सुया माणसाला, कुत्र्याला कोणी विचारत नव्हतं. तुम्ही विमे काढले ते बैलांचे, गाईंचे, म्हशींचे. डॉक्टर तालुक्याच्या गावी बसायचे आणि मार्कंड्याकडच्या खेड्यांमधून सायकलवर फिरायचात तुम्ही, जनावरांच्या दवाखान्यातले पर्यवेक्षक. लोक तुम्हालाच ढोर डॉक्टर म्हणत. हँडलला अडकवलेल्या पिशवीत सुया, औषधाच्या बाटल्या आणि कानात ठोकायचे बिल्ले असत. विमा काढलेल्या जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला, हा नियम. बिल्ला नसेल तर जनावर मेल्यावर पैसे नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. त्यामुळे आता ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांतलं कोणी तुम्ही पाहिलेलं नाही. तुमचे जावई नाही, तुमची नात नाही, आणि कुत्रा तर नाहीच.

आम्ही माजरीला राहतो, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये. मी इथल्या दवाखान्यात नर्स आहे, तुमचे जावई खाणीत डंपर चालवतात. कुत्रा त्यांनीच आणला. जिथे कोळशाच्या ट्रकांचं वजन होतं त्या काट्यावर एक चौकीदार होता. तो निवृत्त होऊन गावी गेला, आणि कुत्रा त्याच्या रिकाम्या खुर्चीजवळ बसून राहिला. जावई त्याला रोज पोळी टाकायचे. मग एक दिवस घरीच घेऊन आले. तांबडा, गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. आला तेव्हा मोठाच होता, पण किती मोठा ते कोणाला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी जावई त्याला घेऊन क्वार्टरच्या मागे फिरायला गेले होते. तिकडे खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आहेत. त्यांवर आता बाभळी माजल्या आहेत आणि त्यांत रानडुकरं राहतात. बिबट्याही येऊन जातो, पण त्या दिवशी डुक्कर होतं. जावई सांगतात, ते अंगावर आलं आणि कुत्रा मध्ये पडला म्हणून ते वाचले. मला वाटतं, कुत्रा नुसता धावला असेल. कुत्रे धावतात. पण हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. त्याचं पोट सुळ्यानं फाटलं होतं. शेजाऱ्यांची गाडी मागितली, चादरीत गुंडाळून त्याला चंद्रपूरला नेलं. तिथली जनावरांची डॉक्टर तुमच्या नातीएवढीच मुलगी आहे. तिच्याकडे त्या सकाळी मदतीला कोणी नव्हतं, आणि मी नर्स आहे हे कळल्यावर तिनं माझ्यापुढे ग्लोव्हज धरले. म्हणून आतलं सगळं मी पाहिलं. जावई बाहेर बाकावर बसून होते. स्वतःचा हात फाटला होता तेव्हा टाके घालून दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलेला हा माणूस, पण कुत्र्यासाठी सुट्टी टाकून घरी राहिला. त्याच्या जवळ चटई टाकून झोपायचा. चमच्यानं ताक पाजायचा. कुत्रा वाचला.

विम्याची गोष्ट तुमच्या नातीनं काढली. ती पुण्याला नोकरी करते. तिच्या मैत्रिणीच्या मांजराचासुद्धा विमा आहे म्हणे. एवढं मोठं ऑपरेशन खिशातून केलंत, उद्या परत काही झालं तर, असं तिचं म्हणणं. तिनं मोबाईलवर माहिती पाठवली आणि कंपनीला आमचा नंबरही देऊन टाकला. तिकडून एका मुलाचा फोन आला. फार अदबीनं बोलत होता. आधी जात विचारली. मी गावठी म्हटलं, तर त्यानं देशी असं लिहून घेतलं. मग म्हणाला, जुनी जखम यात येणार नाही, दातांचे आजार येणार नाहीत, म्हातारपणाची दुखणी येणार नाहीत. अपघात येईल, नवा आजार येईल, ऑपरेशन येईल, आणि कुत्रा चोरीला गेला तर तेही येईल. जावयांनी हे ऐकून पहिल्यांदाच हसत म्हटलं, गावठी कुत्रा कोण चोरते. रानडुकराचा हल्ला हा अपघात धरतात का, हे मी विचारलं. तो वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. शेवटी त्यानं वय विचारलं. आठ वर्षांच्या वर असेल तर कंपनी नव्यानं घेत नाही. जन्मतारीख माहीत नसेल तर डॉक्टरचा दाखला लागेल.

फोन ठेवल्यावर मला एकदम त्या म्हशीचं घर आठवलं. शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं. नदीच्या अलीकडचं गाव, एक बाई एकटी राहणारी, तिची दुभती म्हैस पोट फुगून मेलेली. विम्याचे पैसे मिळायचे तर बिल्ल्यासकट कान कापून पाठवावा लागे. तुम्ही पंचनामा लिहिता, दोन माणसांचे अंगठे घेता, आणि पिशवीतून चाकू काढता. ती बाई म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसते आणि कान स्वतःच्या हातानं ताणून धरते. तोवर ती रडत नाही. तुम्ही कानाला मीठ लावून तो कागदात बांधलात, तेव्हा ती रडायला लागली. परत येताना तुम्ही कालव्यावर हात धुतलेत, पुष्कळ वेळ धुतलेत. मी विचारलं, पैसे मिळतील ना तिला? तुम्ही म्हणालात, "भेटतील. म्हैस नाई भेटणार, बाई." मला ते तेव्हा इतकं उघड वाटलं की हे सांगायची काय गरज, असं मनात आलं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली, आणि तीच मला या हिवाळ्यात जास्त सतावत राहिली. तुमच्या थोरल्या भावाचा, मोठेबाबांचा, बैल शेतात तारेचा करंट लागून मेला. उन्हाळ्यात तुम्ही त्यांच्या गोठ्यात बिल्ले घेऊन गेला होतात. तेव्हा त्यांनी तुम्हाला परत पाठवलं होतं, कान टोचला की बैल भडकतो म्हणून. आता ते आपल्या दारात उभे होते. भात रोवायचे दिवस, जोडीतला एक बैल गेलेला. आई चुलीपाशी भाकरी करत होती, मी तिच्याजवळ. मोठेबाबा बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "एक बिल्ला ठोकून दे. जित्या कानात काय अन् मेल्या कानात काय."

तुम्ही म्हणालात, "दादा, मी नाई ठोकू शकत."

"काऊन?"

"तो मेला आहे."

तुम्ही एवढंच बोललात. मोठेबाबा तसेच माघारी गेले. आईनं तुमचं ताट तुमच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, आता तुम्ही आणि तुमचा बिल्ला बसा जेवत. त्यानंतर मोठेबाबांचं आपल्याकडे येणं थांबलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं आपल्याला बोलावणं नव्हतं, आणि त्या दिवशी वरातीचा बाजा आपल्या अंगणात ऐकू येत होता. आई घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसली. तुम्ही गेलात तेव्हा ते आले. खांदा दिला आणि निघून गेले. गावात सगळे म्हणत, ढोर डॉक्टर नियमाचा पक्का. मीही तेच समजत आले आणि जावयांनाही तसंच सांगत आले.

तर आम्ही कुत्र्याला घेऊन दाखल्यासाठी चंद्रपूरला गेलो. डॉक्टरनं त्याचं तोंड उघडून दात पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली, मागचे पाय दाबून पाहिले. म्हणाली, पक्कं कोणीच सांगू शकत नाही, पण आठच्या पुढे वाटतो, नऊच्या आसपास. मग तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं. विमा कशासाठी हवा ते तिला माहीत होतं. तिनं त्याला मरता मरता वाचताना पाहिलं होतं, आणि जावयांनाही बाहेर बाकावर पाहिलं होतं. म्हणाली, "सात लिहिलं तरी कोणी मला खोटं म्हणणार नाही. लिहू का?"

जावई म्हणाले, "लिहून टाका ना मॅडम. एक-दोन सालानं काय फरक पडून राह्यला?"

मी म्हणाले, "नाही. तुम्हाला जे दिसतं ते लिहा."

तिनं नऊ लिहिलं. त्या कागदाचा आता काही उपयोग नव्हता, तरी मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. आम्ही गाडीत बसून परत निघालो. कुत्रा मागच्या सीटवर उभा राहून काचेतून बाहेर बघत होता. भद्रावती आल्यावर जावई म्हणाले, "तुह्या बापावर गेली तू." त्यात कौतुक नव्हतं.

त्यानंतर आमचं घर कसं झालं ते तुम्हाला सांगायला नको. ते खाणीच्या कँटीनमध्ये जेवून यायचे. मी केलेला डबा ओट्यावर तसाच राहायचा. बोलणं झालं तर कुत्र्यामार्फत. त्याले पाणी ठेवलं का, त्याची गोळी झाली का. रागावण्याचा त्यांना हक्क होता असं मला वाटतं. ज्यानं त्यांना वाचवलं, निदान ते तसं मानतात, त्याच्यासाठी मी एका आकड्याचंही खोटं चालू दिलं नाही. अशा घरात बसल्यावर आपण काही मोठं काम केलं असं मुळीच वाटत नाही. ओट्यावरचा डबा तेवढा दिसतो. तुम्हालाही तसंच होत असेल. आम्हाला मात्र तुम्ही रोजच्यासारखे सायकलला तेल घालताना दिसायचात.

मग एका रविवारी जावई शेजाऱ्यांना घेऊन बाहेर गेले आणि जाळीचं भेंडोळं घेऊन आले. मागच्या अंगणाला कुंपण नव्हतंच. दोघांनी खड्डे खणले, लोखंडी खांब रोवले, जाळी ताणून बांधली आणि खालून डुक्कर उकरून येऊ नये म्हणून दगड भरले. मी चहा नेऊन दिला. माझ्याकडे न बघता त्यांनी कप घेतला. संध्याकाळी तुमच्या नातीचा फोन आला, पॉलिसी झाली का. फोन त्यांच्या हातात होता. ते म्हणाले, "नाई घेत. तो म्हातारा आहे. आमीच पाहतो त्याले."  तिनं जखम भरली का, असं विचारलं. त्या रात्री ते घरी जेवले.

म्हातारा हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला होता. तोपर्यंत घरात कोणी तो म्हटला नव्हता.

तुम्ही विचाराल, मग विमा फायद्याचा होता की नव्हता. तो वाईट नाही. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरनं मध्ये पिल्लू आणलं, तिला मी स्वतः सांगितलं की लहान आहे तोवर काढून टाक. पण आमच्या कुत्र्याला यापुढे जे होणार ते त्या कंपनीच्या यादीत बसणारं नाही. मागचे पाय उचलेनासे होतील. ऐकू कमी येईल, ते तर येऊही लागलं आहे. त्याला ऑपरेशन लागणार नाही, कोणीतरी घरी लागेल. जावई निवृत्तीला आले आहेत, ते घरी असतील. हे सगळं मी नंतर जुळवलं. डॉक्टरसमोर यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं.

जावयांना वाटतं की मी तुमच्यासारखी खरी वागले. मी ते खोडून काढलेलं नाही. पण मला त्या वेळी कंपनीची फसवणूक वगैरे काही सुचलं नव्हतं. डॉक्टर सात म्हणाली आणि मला एकदम वाटलं, हे कागदावर आलं तर मी त्यावर विश्वास ठेवीन. अजून पुष्कळ वर्षं आहेत असं धरून चालीन, आणि मग एक दिवस हातात काही उरणार नाही. मला त्याचं खरं वय हवं होतं. माझ्यासाठी.

तुम्ही मोठेबाबांना नियम सांगितला नव्हता, बाबा. सरकारचं नाव घेतलं नव्हतं, सहीचं कारण दिलं नव्हतं; तो मेला आहे, एवढंच म्हणालात. तुम्हीही तेव्हा प्रामाणिकपणाचा विचार करत नव्हता, असं मला आता वाटू लागलं आहे. तुम्हाला विचारता येत नाही म्हणून हे लिहायला बसले, आणि जे मला जावयांना सांगायला हवं ते तुम्हाला सांगून मोकळी झाले. ते बाहेर कुत्र्याला ब्रश करत आहेत. आवाज देऊन आत बोलावावं, असं मघापासून मनात येतं आहे. अजून बोलावलेलं नाही.