वेचणीले दुखत नाही

११ नोव्हेंबर
बाजारातून येता येता दर ओट्यावर बसली. ढुंगणापासून पोटरीपर्यंत नुसत्या मुंग्या अन् आग! बसलं नाहीतर वाकलं की आराम. नवरा — आमचे नागोराव — सायकलवर मागून. म्हणे, "दिवसभर वाकून कापूस वेचते तवा नाही दुखत, अन् बाजारात बरी दुखते तुही कंबर!" चार लोकांत बोलले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ नोव्हेंबर
चुलत दीर धावजी पायाळू. मले पालथी निजवून कमरेवर लाथ मारली त्यानं. चमक निघते म्हणे. जन्मताना पाय आधी आले, एवढीच त्याची डॉक्टरकी! आता बसताबी येत नाही.

२० नोव्हेंबर
घाटंजीच्या डॉक्टरनं कमरेचा फोटो काढला, निजवून. म्हणे, "काही नाही, वय झालं." नागोरावची कॉलर ताठ! वय झालं, तर मंग वेचणीले मी जवान कशी?

२८ नोव्हेंबर
वेचणीची सोबतीण भुरीबाई. तिनं मले ओढतच एसटीत घातलं, यवतमाळले नेलं. डॉक्टरीण म्हणे, "चालताना पाय भरून येतात? वाकलं की बरं वाटतं?" माय वं! मले रडूच आलं. इतके दिवस हेच तर सांगून राह्यली होती मी!

उभं करून फोटो काढला, मंग मशीनमध्ये घातलं. खालचा मणका झिजून पुढं सरकला म्हणे. उभं राह्यलं की नस दबते, वाकलं की मोकळी होते. निजलं की मणका जागेवर जाते, म्हणून मागच्या फोटोत दिसला नाही. पट्टा, गोळ्या, व्यायाम. ओझं बंद. "पायातली ताकद गेली तर थांबू नका, ऑपरेशन लागेल."

२९ नोव्हेंबर
नागोरावले सारं सांगतलं. मन लावून ऐकत होते. मले वाटलं, चला, पटलं! मंग म्हणे, "म्हणजे वाकल्यानं आराम पडते. डॉक्टरीणच म्हणते. मंग वेचणी हेच तुहं औषध!"
धन्य हाय बापा या माणसाची!

३० नोव्हेंबर
औषध घेऊन राह्यली, सकाळपासून. अन् वेचलेलं गाठोडं कोण उचलते? तेबी मीच.

९ डिसेंबर
वावरातून येताना भुरीबाई म्हणे, "वयनी, तुह्या एका पायात चप्पलच नाही!" खरंच नव्हती. पायाले समजलंच नाही. पंजा वर उचलल्याच जात नाही आता. भुरीबाईचा चेहरा उतरला. नागोराव म्हणे, "आधी चप्पल शोधून आण, नवी होती."

१० डिसेंबर
यवतमाळ. भुरीबाई सोबत. सिस्टर म्हणे, नवऱ्याची सही पाह्यजे. म्हटलं, कंबर माही हाय. सही मीच केली. उद्या ऑपरेशन. डॉक्टरीण म्हणे, पंजा पहिल्यासारखा होईलच असं नाही. लय भेव वाटते.
नागोरावचा फोन आला — "कापूस फुटून राह्यला वावरात. कवा येतं?"
म्हटलं, आता तुम्ही वाका.